सांगितलं होतं ना!

आपल्या घराघरांत एक वाक्य रोज कुणीतरी कुणालातरी ऐकवतं : 'सांगितलं होतं ना!' दूध उतू गेलं की सासूबाई म्हणतात, डब्यात चमचा राहिला की मुलगा म्हणतो, लाइट बिलाची तारीख टळली की नवरा म्हणतो. म्हणणाऱ्याचं एवढ्या तीन शब्दांत भागतं. ऐकणाऱ्याच्या पदरात मात्र अख्खी चूक येऊन पडते. मीही आयुष्यभर हे वाक्य खुशाल वापरत आले. गेल्या डिसेंबरात ते उलटं माझ्यावर आलं, तेव्हापासून त्याचा विचार डोक्यातून जात नाही. सांगणं म्हणजे नक्की काय? आणि सांगितलं म्हणजे समोरच्याला कळलं, असं कधी धरायचं?

आधी काय घडलं ते सांगते.

अनगोळात आमच्या गल्लीत बायकांचा बचत गट आहे. अठरा जणी आहोत. तिसऱ्या रेल्वे गेटाकडून आत आलं की आमची गल्ली. कुणाचा नवरा उद्यमबागेत लेथवर, कुणाचा मुलगा फौंड्रीत, कुणाच्या घरी अजून माग खडखडतोय. कानडी, मराठी, उर्दू, सगळ्या भाषा एकाच नळावर घागरी भरतात. मी गटाची खजिनदार. हिशेबात हुशार म्हणून नव्हे, माझ्याकडे बरा फोन आहे आणि चष्मा लावून का होईना मला वाचता येतं म्हणून. गटाच्या ठेवी गावातल्या एका पतसंस्थेत आहेत. ठेवी गटाच्या नावावर, कुणाचे किती ते माझ्या वहीत. संस्थेचं अ‍ॅप फक्त माझ्या फोनमध्ये.

आमच्यात एक आक्का आहेत. मूळच्या निपाणीच्या. तिकडं वर्षानुवर्षं विड्या वळल्या, बोटांची टोकं अजून कडक आहेत. मुलाला इथं काम लागलं तशा अनगोळात आल्या. वाचता येत नाही, पण पैशाचा हिशेब तोंडी, तो कधी चुकत नाही. नातीच्या शिक्षणासाठी साठ हजारांची ठेव त्यांनी माझ्यामार्फत ठेवली होती. मुदत मे महिन्यात संपायची आणि दरवेळेसारखी आपोआप पुढं चालू राहायची.

एप्रिल महिन्यात अ‍ॅप उघडलं की वर एक पिवळी पट्टी यायची. तिला बॅनर म्हणतात. अक्षरं इंग्रजीत, खाली बारीक कानडीत. उजव्या कोपऱ्यात फुली. मला शिल्लक बघायची असायची आणि शिल्लक त्या पट्टीच्या खाली झाकलेली. मग मी फुली दाबायची. दर खेपेला दाबली.

डिसेंबरात पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं की आक्कांची ठेव मे महिन्यातच संपून रक्कम साध्या बचत खात्यात पडून आहे. ठेवीला आठ टक्के, बचतीला साडेतीन. साठ हजारांवर महिन्याला सव्वादोनशे रुपये गेले. सात महिन्यांचे झाले १,५७५. मी तावातावानं संस्थेत गेले. काउंटरवरच्या मुलानं शांतपणे संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

"मॅडम, बॅनर दाखवला होता की. १ मेपासून ठेव आपोआप पुढं जाणार नाही, सूचना द्यायला पाहिजे म्हणून. हे बघा, तुमच्या फोनवर अकरा वेळा दिसलाय."

अकरा वेळा. मला काही बोलताच आलं नाही. पायऱ्या उतरताना आणखी एक गोष्ट आठवली आणि घशाशी आवंढा आला. एप्रिलच्या बैठकीत आक्कांनी माझ्या फोनकडे बोट करून विचारलं होतं, "ते पिवळं काय गं आलंय? काही नवीन आहे का?" आणि मी म्हणाले होते, "काही नाही ओ आक्का, जाहिरात असत्या तसली."

मैत्रिणींनो, इथं पहिला प्रश्न येतो. चूक कुणाची?

माझी भाची पुण्यात अशाच एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. या पट्ट्यांवरची अक्षरं लिहिणं हेच तिचं काम आहे. मी तिला फोन लावला. वाटलं होतं ती म्हणेल, मावशी, तू वाचायला हवं होतंस. ती तसं म्हणाली नाही. तिनंच विचारलं, "त्या पट्टीवर त्याआधी काय काय यायचं?"

मी आठवू लागले. दिवाळीला शुभेच्छा. मग सोनेतारण कर्जाची जाहिरात. मग 'आमचं अ‍ॅप नव्या रंगात'. मग पुन्हा कर्ज. सगळं त्याच जागी आणि त्याच पिवळ्या रंगात.

"मग तुझ्या डोळ्यांना तीच सवय लागली," ती म्हणाली. या सवयीला नावसुद्धा आहे. १९९८ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांना असं आढळलं, की संगणकाच्या पानावर एखादी गोष्ट जाहिरातीसारखी ठळक चौकटीत घातली, तर लोक नेमकी तीच वगळून पुढं जातात, मग ते शोधत असलेलं उत्तर त्याच चौकटीत का असेना. त्याला त्यांनी बॅनरचं आंधळेपण म्हटलं. भाची म्हणाली, सगळंच पिवळं केलं की पिवळ्याला काही अर्थ उरत नाही. चांगल्या पट्टीत एकच गोष्ट असावी. काय बदलतंय, कुणासाठी, कधीपासून, आणि तुम्ही काय करायचं, एवढंच. ज्याची ठेव संपत आलीय त्यालाच दाखवावी, आणि शिल्लक झाकून नव्हे, त्या ठेवीच्या शेजारी दाखवावी. मग हळू आवाजात म्हणाली, "पण मावशी, आमच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न असतो, किती जणांनी पाहिलं. किती जणांना कळलं, हे कुणी फारसं विचारत नाही. पाहिलेलं मोजता येतं ना."

हे ऐकून मला लहानपणीची दवंडी आठवली. निपाणीजवळच्या आमच्या खेड्यात दवंडी देणारा यायचा. चौकात उभा राहून हलगी वाजवायचा. बायका पदराला हात पुसत दारात येईपर्यंत थांबायचा. मग सांगायचा, आणि तेच पुन्हा पुढच्या वळणावर सांगायचा. तेवढ्यात एखादी म्हातारी ओरडायची, "कवा रं? उद्या का परवा?" की तो वळून उत्तर द्यायचा. त्याचं सांगणं त्या म्हातारीच्या 'बरं बाबा'वर संपायचं. त्याच्याकडे ना पडदा होता, ना आकडा. पण कोण आलं नाही हे त्याला दिसायचं, आणि जाता जाता तो म्हणायचा, "शेजारच्यास्नी सांगा."

पट्टीला उलट विचारता येत नाही. तिच्याकडून फक्त एका फुलीची अपेक्षा असते. आणखी एक. पतसंस्थेच्या संगणकाला मी एक वापरणारी बाई दिसते. माझ्या मागं सतरा जणी उभ्या आहेत, हे त्याला माहीत नाही. आपल्याकडं एका फोनमागं अख्खं घर असतं. फुली एका बोटानं दाबली जाते, पण सूचना कितीजणींच्या तोंडावर बंद होते!

हे फक्त आमच्या लहानशा संस्थेचं नाही. २०२१ चा जानेवारी आठवा. व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की समोर एक सूचना यायची : आमच्या अटी बदलल्या आहेत, ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर वापर थांबेल. तुमच्याआमच्यापैकी कितीजणींनी ती वाचली? 'मान्य' दाबून आपण लग्नाच्या फोटोंकडे वळलो. मग अफवा उठल्या, आता आपलं सगळं बोलणं वाचणार म्हणे. लोक दुसरी अ‍ॅपं शोधू लागले. कंपनीला वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन सांगावं लागलं की तुमचे खासगी निरोप आम्हाला वाचता येत नाहीत, बदल प्रामुख्यानं व्यापाऱ्यांशी होणाऱ्या संवादाबद्दल आहे. मुदत १५ मेपर्यंत पुढं गेली. आणि पुढची सूचना त्यांनी एका लहान पट्टीत दिली, सवडीनं वाचा म्हणून. पुढं नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं त्या धोरणावरून मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला, आणि प्रकरण अपिलात गेलं. कायद्याचा तपशील वकिलांनी बघावा. मला त्यातलं एकच दिसतं. 'हो म्हण नाहीतर चालती हो' असं म्हणून दिलेल्या माहितीला माहिती म्हणायचं का? एखाद्या सुनेला असं कुणी सांगितलं असतं तर आपण त्याला सांगणं नाही, धमकावणं म्हटलं असतं.

सरकारलाही हे उमगलेलं दिसतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावानिशी सांगून त्यांवर बंदी आणली. खोटी घाई करणं, लाज वाटायला लावून होकार घेणं, पुन्हापुन्हा टोचत राहणं, जाहिरात दुसऱ्याच रूपात दाखवणं, हे सगळं त्यात आहे. त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. तुमची माहिती घेताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचता आली पाहिजे, असं त्यात म्हटलंय. त्या बावीस भाषांत मराठी आहे, कानडी आहे, उर्दू आहे, म्हणजे आमचा अख्खा नळ आहे! ठेवीच्या पट्टीला तो कायदा लागू नाही, पण त्यातला विचार लागू व्हायला कुणाची हरकत आहे?

सीमाभागात भाषेचा विषय निघाला की आवाज चढतात. मला इथं पाटीचं भांडण काढायचं नाही. मी फक्त बस्तीत लहानपणापासून ऐकलेली गोष्ट सांगते. समवसरणात भगवंतांची दिव्यध्वनी उमटायची तेव्हा ती प्रत्येकाला आपापल्या भाषेत कळायची, माणसांनाच काय, पशुपक्ष्यांनाही. पूर्वी मला हा चमत्कार वाटायचा. आता वाटतं, सांगणाऱ्यानं केवढी जबाबदारी घ्यावी याचं ते माप आहे. समोरच्याला कळेल त्या भाषेत पोचवण्याचं ओझं ऐकणाऱ्यावर टाकलेलं नाही.

पण त्याच कथेचा दुसरा पदर आहे, आणि तो मला टोचतो. आपल्या दिगंबर परंपरेत सांगतात, की भगवान महावीरांना केवलज्ञान झाल्यावर सहासष्ट दिवस दिव्यध्वनी उमटलीच नाही. सभा भरलेली, सगळे हात जोडून बसलेले. पण ते ज्ञान झेलून पुढं देणारा गणधर नव्हता. इंद्रभूती गौतम आले आणि मग वाणी उमटली. म्हणजे नुसता सांगणारा असून भागत नाही. झेलणाराही लागतो. आमच्या गटात तो झेलणारा कोण होता? मीच की! माझ्याकडून पुढं सतराजणींना कळायचं होतं. मी ते झेललंच नाही.

तेव्हा चूक पट्टीची की माझी, या प्रश्नाला मला एकच एक उत्तर देता येत नाही. अनेकांताची शिकवण असलेल्या घरात वाढले, पण अनेकांत म्हणजे 'तुझंही थोडं, माझंही थोडं' म्हणून हात झटकणं नव्हे. संस्थेनं जाहिरात आणि सूचना एकाच पिवळ्या रंगात रंगवली, हे खरं. अकरा वेळा दाखवल्याचा आकडा जपला आणि अकरा वेळा लगेच बंद झाल्याची शंका कुणाला आली नाही, हेही खरं. फुलीवरचं बोट मात्र माझं होतं, आणि हे दोन्हींच्या इतकंच खरं आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसा कशाला म्हणावं हे सांगताना आचार्यांनी आधी प्रमादाचं नाव घेतलं आहे, घात नंतर येतो. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. मारायचं मनात असावं लागतंच असं नाही. मला आक्कांचं नुकसान करायचं नव्हतं, एवढं म्हणून सुटका होत नाही.

आणि पाच समितींतली भाषा समिती! साधूंनी बोलताना पाळायची ती, पण आपणही ऐकत आलो की बोलणं हिताचं असावं, मोजकं असावं, गोड असावं. मला वाटतं या पट्ट्या लिहिणाऱ्या मुलामुलींना हे तीन शब्द कुणीतरी सांगावेत. हिताचं, म्हणजे ऐकणारीच्या हिताचं, कंपनीच्या नव्हे. मोजकं, कारण भाजीवाल्याला फोनवरून पैसे देताना मध्येच कर्जाची पट्टी येते तेव्हा माझं लक्ष कुणीतरी न विचारता घेतलेलं असतं. न दिलेलं घेणं याला आपल्याकडं काय म्हणतात ते वेगळं सांगायला नको. आणि गोड, म्हणजे साखर घोळून नव्हे. 'आपल्या अधिक चांगल्या सेवेसाठी' अशी सुरुवात करून तोट्याची बातमी द्यायची, हा गोडवा नव्हे.

इथवर लिहून थांबले असते तर निबंध बरा झाला असता. पण अजून एक सांगायचं राहिलंय, आणि खरं म्हणजे त्यासाठीच लिहायला बसले.

जानेवारीच्या बैठकीत मी आक्कांना आणि सगळ्यांना झाला प्रकार सांगितला. कसा सांगितला? चहा आला होता, कप हातोहात फिरत होते, दोघीजणी उठायच्या घाईत होत्या. तेवढ्यात मी म्हणाले, "संस्थेचा नियम बदलल्यामुळं आक्कांच्या ठेवीवर थोडं व्याज कमी आलंय, पुढं काळजी घेण्यात येईल." आणि वही मिटली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझंच वाक्य माझ्या कानात वाजलं. 'नियम बदलल्यामुळं.' 'काळजी घेण्यात येईल.' कुणी बदलला, कुणी वाचला नाही, कोण घेईल काळजी, त्या वाक्यात माणूस म्हणून कुणी नव्हतंच. मी गर्दीची वेळ निवडली, बारीक अक्षरात बोलले आणि कुणी विचारायच्या आत वही मिटली. मैत्रिणींनो, त्या दिवशी मीच पिवळी पट्टी झाले होते. आणि उद्या कुणी हटकलं असतं तर माझ्याकडं उत्तर तयार होतं : सांगितलं होतं ना!

दुसऱ्या दिवशी आक्कांच्या घरी गेले. त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. १,५७५ रुपये पुढं ठेवले आणि म्हणाले, "ते पिवळं तुम्ही विचारलं होतं बघा, ती जाहिरात नव्हती. मी वाचलंच नव्हतं."

आक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते मला तवाच कळलं हुतं. तू न बघता बोललीस." थोड्या वेळानं पैसे माझ्याकडं सरकवले. "हे ठेव. वाचून दाखवत जा म्हंजे झालं."

मी पैसे घेतले नाहीत, त्यांनीही घेतले नाहीत. शेवटी ते नातीच्या नावानं वहीत जमा केले.

तेव्हापासून आमच्या बैठकीत पहिली दहा मिनिटं पट्टीची असतात. महिन्याभरात अ‍ॅपवर जे आलं ते मी मोठ्यानं वाचते, मराठीत सांगते, आमच्यातली एकजण कानडीत सांगते. मग कुणीतरी एकीनं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. परत सांगता आलं तरच कळलं असं धरायचं. बहुतेक वेळा ही पाळी आक्काच मागून घेतात. गेल्या महिन्यात पट्टी आली होती ती अ‍ॅपचा रंग बदलल्याची. त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "रंग बदलला तर दिसंलच की. त्येला पट्टी कशाला?" सगळ्या हसल्या. पुण्याच्या भाचीला हे कळवलं. तिनं म्हणे ते वाक्य ऑफिसात टेबलापाशी लिहून लावलंय.

आक्कांना मी सगळं सांगितलं, पण एक गोष्ट त्यांनाही सांगितली नव्हती आणि गटातही नाही. 'मी वाचलं नव्हतं' म्हणाले, त्यातून एकदा नजर चुकली असेल असं कुणालाही वाटावं. ती पट्टी माझ्यासमोर अकरा वेळा आली होती. हे पुस्तक गटातल्या पाचसहाजणी वाचतील, बाकीच्यांना त्या सांगतील. पण तेवढ्यावर विसंबून चालणार नाही, हे आता मला कळायला पाहिजे. येत्या बैठकीत चहाच्या आधी हा आकडा मी स्वतः सांगणार आहे, आणि कुणाला काही विचारायचं असेल तर वही उघडीच ठेवणार आहे.